खोळंबा कोणाचा मोजावयाचा?

वाहतुकीच्या कोंडीविषयी तक्रार सर्वांचीच असते. परंतु कोंडी म्हणजे नेमकी किती, असे विचारले की उत्तरे निरनिराळी येतात. शहरातून मोटारीने आलेल्या पाहुण्यास नाक्यावर तीन मिनिटे थांबावे लागले तर तो गावाच्या नावाने बोटे मोडतो. त्याच नाक्यावर भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पलीकडे जाण्यासाठी दहा मिनिटे उभी असलेली बाई काहीच बोलत नाही. रस्ता म्हटला की थांबणे आलेच, अशी तिने मनाची समजूत घालून घेतलेली असते. थांबणे दोघांचेही खरेच. पण एकाचे थांबणे सरकारी कागदावर चढते आणि दुसरीचे बहुधा चढत नाही. असे का होते हे कळावे म्हणून रस्त्यांची आखणी करणारे लोक वाहतूक कशी मोजतात, ते आज आम्ही थोडे विस्ताराने सांगणार आहोत.

विषय रूक्ष वाटेल. पण तो आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचलेला आहे. बेळगाव असो, गोवा असो, की इंदूर-बडोद्याच्या आसपासची गावे असोत, ठिकठिकाणी रस्ते रुंद होत आहेत आणि बायपास निघत आहेत. त्यापूर्वी केव्हातरी नाक्यावर हातात तक्ते घेतलेली मुले दिवसभर बसलेली दिसतात, नाहीतर खांबावर चार दिवसांपुरता कॅमेरा लागतो. गावकरी कुतूहलाने पाहतात आणि विसरून जातात. तथापि कोणाच्या शेताची पट्टी रस्त्यात जाणार, दुभाजकात मोकळी जागा कोठे राहणार आणि बसचा थांबा कोठे हलणार, हे ठरविताना त्याच तक्त्यांचा आधार घेतला जातो. यास्तव त्या तक्त्यांत काय लिहिले जाते हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तरी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

वाहतुकीकडे शास्त्राच्या दृष्टीने प्रथम ज्यांनी पाहिले, त्यांत ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. १९३३ च्या सुमारास ओहायो राज्यातील रस्त्यांच्या कडेला चलच्चित्रणाचा कॅमेरा उभा करून त्यांनी जाणाऱ्या मोटारींची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली, आणि एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत मोटार किती पुढे सरकली यावरून तिचा वेग काढला. त्यांच्या अभ्यासाचे सार तीन शब्दांत सांगता येते : ओघ, दाटी आणि वेग. एका जागी उभे राहून मोजले असता तासाभरात जितकी वाहने पुढून जातात तो ओघ. एका क्षणी एका किलोमीटरच्या पट्ट्यात जितकी वाहने असतात ती दाटी. दाटीला वेगाने गुणले की ओघ मिळतो. दाटी वाढत गेली की वेग उतरत जातो, आणि ही उतरण एका सरळ रेषेने दाखविता येते, असे ग्रीनशील्ड्स यांनी मांडले. पुढच्या संशोधकांना ती रेषा इतकी सरळ नाही असे आढळले. पण पहिला धडा म्हणून ती अजूनही शिकवली जाते.

एक हिशेब करून पाहू. समजा, मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६० किलोमीटर आहे, आणि किलोमीटरभर जागेत १२० मोटारी दाटल्या की हालचाल अजिबात थांबते. अशा रस्त्यावर किलोमीटरला २० मोटारी असतील तेव्हा वेग ५० राहील आणि तासाला १,००० मोटारी जातील. दाटी ६० झाली की वेग ३० वर उतरेल, पण ओघ १,८०० पर्यंत चढेल. हीच त्या रस्त्याची कमाल मर्यादा. याहून दाटी वाढून १०० झाली की वेग अवघा १० उरेल, आणि ओघ पुन्हा १,००० वर येईल.

म्हणजे नाक्यावर बसून नुसती वाहने मोजणाऱ्याच्या तक्त्यात दोन्ही वेळी १,००० हाच आकडा पडेल. एका वेळी रस्ता सुखाने वाहत असेल आणि दुसऱ्या वेळी गाड्या रांगत असतील. आकड्यास मात्र त्याचा पत्ता नसेल. पाटाचे पाणी अरुंद तोंडातून जाताना जोराने धावते. वाहतुकीचे तसे नाही. अरुंद जागी ती अडखळते, आणि एकदा अडखळली की त्या जागेतून नेहमी जितकी वाहने पार होतात तितकीही होत नाहीत. म्हणूनच केवळ संख्या पुरेशी नाही, प्रवास कसा घडला हेही मोजले पाहिजे, हा विचार पुढे आला.

१९५० साली अमेरिकेत ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ नावाची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. रस्त्यात जास्तीत जास्त किती वाहने मावतात, हा तिचा मुख्य प्रश्न होता. १९६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवास्तर, ही कल्पना आली. शाळेच्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे रस्त्यास ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत अक्षर द्यावयाचे. ‘ए’ म्हणजे चालकास हवा तो वेग, हवी ती मोकळीक. ‘ई’ म्हणजे रस्ता काठोकाठ भरलेला. ‘एफ’ म्हणजे ओघ मोडून पडलेला. या मार्गदर्शिकेची सातवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. मधल्या काळात जगातील अनेक देशांनी ही अक्षरे आपलीशी केली.

अक्षर देण्याची कसोटी जागेप्रमाणे बदलते. महामार्गावर दाटी पाहतात. सिग्नलच्या चौकात खोळंबा पाहतात. २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे, चौकात दर वाहनामागे सरासरी खोळंबा १० सेकंदांपर्यंत असेल तर ‘ए’, २० पर्यंत ‘बी’, ३५ पर्यंत ‘सी’, ५५ पर्यंत ‘डी’, ८० पर्यंत ‘ई’, आणि त्याहून अधिक झाला की ‘एफ’. या खोळंब्यात नुसते उभे राहणे धरत नाहीत. वेग कमी करणे, रांगेत पुढे सरकणे आणि पुन्हा वेग घेणे यांत गेलेला वेळही धरतात. त्या आवृत्तीत दुपदरी गावरस्त्याची कसोटी आणखी निराळी होती. तेथे पुढच्या मंद गाडीच्या मागे मागे जाण्यात प्रवासाचा किती भाग गेला हे पाहत. पुढच्या गाडीत आणि आपल्यात तीन सेकंदांहून कमी अंतर असेल तर आपण तिच्या मागे अडकलो असे धरत. उसाच्या ट्रॉलीमागे पाच मैल घासत गेलेल्यास ही कसोटी समजावून सांगावयास नको.

चौकातला खोळंबा मोजण्याची रीत सोपी आहे. एक माणूस दर १५ सेकंदांनी रांगेत थांबलेली वाहने मोजतो. दुसरा चौकात आलेली एकूण वाहने मोजतो. सर्व मोजण्यांची बेरीज १२० आली, तर तिला १५ ने गुणून १,८०० सेकंद होतात. तेवढ्या वेळात ६० वाहने आली असतील तर दर वाहनास स्थूलमानाने ३० सेकंद खोळंबा झाला. घड्याळ आणि पेन्सिल एवढ्यावर हे काम होते. शाळेतील थोरली मुलेही ते करू शकतील.

येथे वेळेची निवड महत्त्वाची. तासाभराच्या बेरजेत खरी अडचण दडून जाते. समजा, एका नाक्यावर तासात १,२०० वाहने आली. समान वाटणी केली तर दर पाव तासाला ३००. पण शाळा भरण्याच्या एकाच पाव तासात ४५० आली असतील, तर त्या वेळचा ओघ ताशी १,८०० च्या दराने चालला आहे असे धरले पाहिजे. मुले नेमकी त्याच वेळी रस्ता ओलांडत असतात. म्हणून जाणता अभियंता तास पाहत नाही, तासातला सर्वांत गर्दीचा पाव तास पाहतो.

अक्षरांमुळे एक गैरसमजही पसरतो. शाळेत ‘ए’ श्रेणी मिळवणे हे ध्येय असते. रस्त्याचे तसे नाही. गर्दीच्या वेळीही ‘ए’ मिळवणारा शहरी रस्ता म्हणजे दिवसाचा बराच वेळ ओस पडणारा, विनाकारण रुंद केलेला रस्ता. आपल्याकडील संकेतांत ग्रामीण रस्त्यांसाठी ‘बी’ आणि शहरी रस्त्यांसाठी ‘सी’ हा स्तर आखणीस योग्य मानला आहे. थोडी गर्दी ही अपयशाची खूण नव्हे. पैसा आणि जमीन जपून वापरल्याची ती खूण असू शकते.

एका चौकाऐवजी साऱ्या शहराची कोंडी सांगावयाची असेल तर वाया गेलेले तास मोजतात. अमेरिकेतील टेक्सास येथील वाहतूक संस्थेने २०१४ सालासाठी असा हिशेब मांडला : मोटारीने कामावर जाणाऱ्या दर माणसाचे वर्षात ४२ तास, आणि देशाचे मिळून ६९० कोटी तास कोंडीत गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण ‘वाया गेले’ हे कशाच्या मानाने, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा हिशेबात तुलना रिकाम्या रस्त्यावरील वेगाशी करतात. सकाळी नऊ वाजता रस्ता पहाटेच्या तीन वाजल्यासारखा मोकळा असावा, अशी अपेक्षाच मुळी अवाजवी आहे. शिवाय जो मोटार हाकत नाही, त्याचे तास या बेरजेत कोठे आले?

रस्ता रुंद केला की कोंडी संपेल, हाही भरवसा फारसा टिकत नाही. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच असे मांडले की, मोठ्या शहरातील द्रुतगती रस्त्यावर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढतच जाते. रस्ता मोकळा दिसला की आधी लवकर निघणारे, आडवाटेने जाणारे आणि बसने प्रवास करणारे लोक त्याच वेळी, त्याच रस्त्यावर मोटारी घेऊन येतात. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन महानगरांच्या आकडेवारीवरून दाखविले की, महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढली साधारण त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनांची धावही वाढली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२७ साली सरकारने रस्तेविकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, आणि आपल्या रस्त्यांचे संकेत तीच ठरवते. या संस्थेपुढे एक पेच होता. अमेरिकेच्या रस्त्यावर बहुतेक मोटारीच. आपल्याकडे बस, मालट्रक, स्कूटर, सायकल, टांगा, हातगाडी आणि बैलगाडी एकाच पट्ट्यात. यांची बेरीज करावयाची कशी?

तोड अशी काढली : मोटार हे एक एकक मानावयाचे आणि इतर प्रत्येक वाहन किती मोटारींइतका अडथळा करते ते ठरवावयाचे. ग्रामीण रस्त्यांसाठी १९९० साली काढलेल्या मार्गदर्शिकेत सायकल व स्कूटर प्रत्येकी अर्धे एकक, मोटार व रिक्षा एक, बस किंवा ट्रक तीन, हातगाडी तीन, घोडागाडी चार, आणि बैलगाडी आठ, लहान असल्यास सहा. बैलगाडीस आठ मोटारींचा मान मिळाला म्हणून हरखून जाण्याचे कारण नाही. हा मान नव्हे, तो अडथळ्याचा आकडा आहे. रस्त्याची किती जागा आणि किती वेळ वाहनाने अडवला, एवढेच हे एकक सांगते. गाडीत माणसे किती होती, हे ते सांगत नाही. ५० माणसांनी भरलेली बस ही तीन एकके, आणि रिकामी परतणारी बसही तीनच. पुढे २०१७ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांवरील निरीक्षणांवरून आपल्या देशाची स्वतंत्र मार्गदर्शिका सिद्ध केली. आपल्याकडे वाहने पट्टे पाळून चालत नाहीत, मिळेल त्या फटीतून पुढे सरतात. त्यामुळे परदेशी कोष्टके जशीच्या तशी लावणे चुकीचे होते. हे काम मोलाचे झाले. परंतु मोजणीच्या मुळाशी वाहन धरावे की माणूस, हा प्रश्न केवळ कोष्टके बदलून सुटत नाही.

त्या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून दुसरा एक हिशेब करू. सिग्नलच्या एका चौकात २० मोटारी आल्या. प्रत्येकीत एकच माणूस, आणि प्रत्येकीस २० सेकंद थांबावे लागले. त्याच वेळी दोन बसगाड्या आल्या. प्रत्येकीत ४० माणसे, आणि प्रत्येकीस ७५ सेकंद थांबावे लागले. वाहने धरून सरासरी काढली तर २२ वाहनांचा एकूण खोळंबा ५५० सेकंद, म्हणजे वाहनामागे २५ सेकंद. चौकास ‘सी’ मिळाला. अभियंता समाधानाने वही मिटेल. आता माणसे धरा. माणसे १००, मोटारीतील २० जणांचे ४०० सेकंद, बसमधील ८० जणांचे ६,००० सेकंद, मिळून ६,४००. माणशी ६४ सेकंद. त्याच वेळी, त्याच चौकास आता ‘ई’ मिळाला. रस्ता तोच, घड्याळ तेच. केवळ ‘कोण’ हा शब्द बदलला.

हे पाटीवरचे गणित नव्हे. यावर खटले झाले आहेत. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने सायकलींसाठी रस्त्यावर पट्टे आखण्याची योजना केली होती. मोटारींचा एखादा पट्टा काढला की चौकांतील खोळंबा वाढतो, आणि कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण कायद्याखाली चौकाचे अक्षर खाली जाणे हा पर्यावरणावरील परिणाम मानला जाई. योजनेचा असा अभ्यास झालेला नाही, या मुद्द्यावर न्यायालयाने २००६ मध्ये मनाई हुकूम दिला, आणि तो पुरता उठण्यास २०१० चा ऑगस्ट उजाडला. धूर न सोडणाऱ्या सायकलींची योजना पर्यावरणाच्याच कायद्याने चार वर्षे अडकून पडली. कारण मोजपट्टी मोटारवाल्याच्या सेकंदांची होती. त्याच मोजपट्टीचा आणखी एक परिणाम होई. शहरातील भरल्या चौकाजवळ घरे बांधली तर अक्षर घसरे आणि रस्ता रुंद करण्याचा भुर्दंड बसे. दूर शेतात वसाहत केली तर तेथील रस्ता मोकळाच असल्याने अक्षर चांगले राही. त्यामुळे घरे आणखी लांब जात आणि मोटारींची धाव वाढे. अखेर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला. आता तेथे नव्या बांधकामामुळे वाहनांची एकूण धाव किती वाढेल, हे पाहतात. १ जुलै २०२० पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली आहे.

आपल्याकडेही असेच घडले. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद या सुमारे सहा किलोमीटरच्या रस्त्यावर बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका झाली. इतर वाहनांचा खोळंबा होतो म्हणून ती मोडावी, अशी याचिका उच्च न्यायालयात आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. तरीही मोटारवाल्यांचा विरोध मावळला नाही आणि २०१६ मध्ये सरकारने ती मार्गिका काढून टाकली. इंदूरच्या वाचकांना आग्रा-मुंबई रस्त्यावरील अशीच मार्गिका ठाऊक आहे. ती २०१३ मध्ये सुरू झाली, आणि ती काढून टाकण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दिला. अशा मार्गिकांच्या बांधणीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वाद चालू असता मोटारीच्या काचेतून दिसणारी रिकामी मार्गिका सर्वांच्या डोळ्यांत खुपते, आणि तिच्यातून पाच मिनिटांनी गेलेल्या बसमधील माणसे कोणी मोजत नाही. वस्तुतः २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनांऐवजी माणसे हलवण्यावर भर द्यावा असे स्पष्ट सांगितले आहे. धोरण एक आणि तक्ता दुसरा, अशी स्थिती असली की तक्ताच जिंकतो.

मग प्रवाशाच्या बाजूने सेवा कशी मोजावी? त्याचेही शास्त्र आता तयार आहे. अमेरिकेत १९९९ साली सार्वजनिक वाहतुकीच्या सेवेची मार्गदर्शिका निघाली. तिने बसमागून बस किती वेळाने येते यास अक्षरे दिली : १० मिनिटांच्या आत ‘ए’, कारण तेव्हा वेळापत्रक पाहण्याची गरज राहत नाही; तासाहून अधिक वाट पाहावी लागली तर ‘एफ’. दिवसातून किती तास सेवा मिळते, थांबा चालत जाण्याजोगा आहे काय, बसावयास जागा मिळते काय, गाडी वेळेवर येते काय, हे प्रश्नही तिने विचारले. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही अक्षरे सोडून दिली, आणि प्रत्येक अंतरात प्रवाशाला काय भोगावे लागते ते सरळ शब्दांत सांगितले. आम्हांस हा बदल शहाणपणाचा वाटतो. शेवटची बस संध्याकाळी सहाला सुटत असेल तर ज्या मुलीचा वर्ग साडेसहाला सुटतो तिच्यासाठी ती सेवा ‘डी’ही नव्हे आणि ‘ई’ही नव्हे, ती नाहीच.

वेळेवर पोचणे हाही सेवेचाच भाग आहे. एखाद्या बसला तालुक्याच्या गावी जाण्यास सरासरी ४० मिनिटे लागतात. पण वीस दिवसांतून एक दिवस ७५ मिनिटे लागतात. परीक्षेस जाणाऱ्या विद्यार्थ्यास, न्यायालयात तारीख असलेल्या शेतकऱ्यास किंवा डायलिसिसची वेळ ठरलेल्या रुग्णास सरासरी काय कामाची? त्यांना रोज ७५ मिनिटे हाताशी धरूनच निघावे लागते. म्हणून आता योजनाकार वीसपैकी एकोणीस दिवस वेळेवर पोचावयाचे असेल तर किती वेळ धरावा लागेल, हे वेगळे काढतात. रोज थोडा उशीर करणारी गाडी परवडते. कधी उशीर करील हे न सांगणारी परवडत नाही.

पायी चालणाऱ्यांचे मोजमाप जॉन फ्रुइन यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात मांडले. चालताना माणशी ३५ चौरस फुटांहून अधिक जागा असेल तर ‘ए’. पाच चौरस फुटांहून कमी असेल तर ‘एफ’, म्हणजे फेस्ताच्या दिवशी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात होते तशी स्थिती. रस्ता ओलांडण्याविषयी वर उल्लेखिलेली २००० सालची मार्गदर्शिका एक मार्मिक गोष्ट सांगते : ३० सेकंदांहून अधिक थांबावे लागले की पादचारी अधीर होतो आणि धोका पत्करून निघतो. म्हणजे पादचाऱ्याचा खोळंबा हा केवळ वेळेचा प्रश्न नाही; तो जीवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे झेब्रा पट्टे कोठे द्यावेत याचेही एक सूत्र इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत आहे. गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसे घ्यावीत, आणि त्या संख्येस वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणावे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार दहा कोटींवर गेला, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींवर गेला, की ओलांडण्याची सोय करावी. तासाला १,००० वाहने जाणाऱ्या साध्या रस्त्यावर १०० माणसे ओलांडत असतील तर गुणाकार बरोबर दहा कोटी होतो. हे सूत्र आपल्या गावाच्या नाक्यावर कोणीही लावून पाहावे.

परंतु वाचकहो, या सूत्रातही एक पोकळी आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. सूत्र ओलांडणारी माणसे मोजते. जी आजी रस्ता रुंद झाल्यापासून पलीकडच्या लेकीकडे जाईनाशी झाली, ती या संख्येत नाही. ज्या मुलाला बाप रोज स्कूटरवरून पलीकडे सोडतो, ते मूल पादचाऱ्यांत नाही. उलट ती स्कूटर वाहनांच्या संख्येत भर घालते. रस्ता जितका भयंकर, तितके ओलांडणारे कमी. आणि ओलांडणारे जितके कमी, तितकी सोयीची गरज कमी असा निष्कर्ष निघतो. नदीवर पूल हवा की नको, हे पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून ठरवण्यासारखेच हे झाले. ज्यांनी जाणेच सोडून दिले त्यांना नाक्यावर बसून मोजता येत नाही. त्यांच्यासाठी घरोघर विचारावे लागते.

म्हणून तक्ते घेतलेली मुले आपल्या नाक्यावर बसलेली दिसली तर त्यांस दोन प्रश्न अवश्य विचारावेत : या तक्त्यात पायी चालणाऱ्यांचा रकाना आहे काय, आणि बसमधील माणसांचा आहे काय? नसेल तर गावाने स्वतःची मोजणी करावी. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि बाजाराच्या दिवशी पाव-पाव तासाने माणसे व वाहने मोजावीत. ओलांडावयास किती सेकंद थांबावे लागते ते घड्याळ लावून टिपावे. बस किती वाजता येणार होती आणि किती वाजता आली, हे महिनाभर एका वहीत लिहावे. भीतीमुळे कोणाचे जाणे-येणे बंद झाले आहे, याची घरोघर चौकशी करून यादी करावी. तारीख, वेळ आणि आकडे असलेला असा कागद ग्रामसभेपुढे व रस्ते खात्यापुढे ठेवला तर ‘फार गर्दी होते हो’ या तक्रारीपेक्षा त्याचे वजन निश्चित अधिक पडेल.

अभियंते मोजतात ते प्रामाणिकपणेच मोजतात. परंतु कोणास मोजावयाचे हे त्यांनी गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत त्यांच्या लक्षात आणून देणे हे गावाचे काम आहे. या कामास सर्वांत योग्य वेळ म्हणजे रस्ता कागदावर असतानाची. डांबर पडल्यावर आणि दुभाजक उभा राहिल्यावर तो पाडून घेणे फार कठीण जाते.